नाल्यापलीकडे गेलेली नावे

आमच्या सोसायटीच्या ब विंगमधल्या ११८ मतदारांची नावे मुंबई महानगरपालिकेच्या प्रारूप मतदार यादीत शेजारच्या प्रभागात गेली होती. ती परत आपल्या प्रभागात आणण्यासाठी नोव्हेंबर २०२५ पासून मतदानाच्या दिवसापर्यंत मी काय काय केले, कशासाठी किती थांबावे लागले, किती खर्च आला आणि शेवटी माझ्याच हातून काय राहून गेले, ते क्रमाने लिहून ठेवत आहे. त्या आठवड्यात मला कोणी असे लिहिलेले वाचायला दिले असते, तर निदान दोन फेऱ्या आणि एक मोठी चूक वाचली असती.

माझा राजकारणाशी संबंध नाही. मी एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते आणि वार्षिक सभेत दुसऱ्या कोणी हात वर केला नाही म्हणून सोसायटीची सचिव झाले. आमची इमारत मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, नाल्याच्या काठावर आहे. पूर्वी येथे बैठी चाळ होती. पुनर्विकासानंतर चाळीतले मूळ रहिवासी ब विंगमध्ये आले आणि अ विंगमधली घरे बाहेरच्यांनी विकत घेतली. मी अ विंगमधली. ही गोष्ट एरवी फक्त पाण्याच्या वेळांवरून वाद झाला की निघते, पण या प्रकरणात तिला भलतेच महत्त्व आले.

महापालिकेची आधीची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली होती. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकांकडे होता. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, आणि प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ व पुन्हा २२७ अशी फिरली, त्यामुळे पावणेचार वर्षे उलटली. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही निवडून आलेल्या सभागृहाशिवायच मंजूर झाला. आमच्यासाठी याचा अर्थ साधा होता. नाल्याची भिंत खचली तेव्हा महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पण पूर्वी जसे संध्याकाळी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसता येत असे, तसे बसायला जागा नव्हती. त्यामुळे ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रथमच राजकारणाबद्दल भांडण न होता चर्चा झाली.

२२ ऑगस्टला प्रभागरचनेचा मसुदा जाहीर झाला आणि ४ सप्टेंबरपर्यंत त्यावर हरकती घेता येणार होत्या. मी नकाशा उघडून पाहिला. आमच्या प्रभागाची एक हद्द नाल्याच्या मध्यातून जात होती आणि आमची इमारत अलीकडे, म्हणजे बरोबर बाजूला होती. नकाशासोबत प्रत्येक प्रभागाच्या चारही दिशांच्या हद्दींचे शब्दांत वर्णन असते. त्या पानाचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, कारण नाल्याचे नाव छापलेले पाहून गंमत वाटली. हाच फोटो पुढे माझा सर्वात उपयोगी कागद ठरला. मात्र नकाशा बरोबर आहे म्हणजे यादीही बरोबर असणार, असे मी तेव्हा गृहीत धरले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले. महापालिकेच्या निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची मतदार यादी भारत निवडणूक आयोगाची असते. राज्य निवडणूक आयोग ती एका ठरावीक तारखेला जशी आहे तशी घेतो (या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती) आणि प्रभागांप्रमाणे तिची विभागणी करून घेतो. म्हणून प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेताना नवे नाव घालता येत नाही, मृत व्यक्तीचे नाव काढता येत नाही आणि पत्ताही बदलता येत नाही. विधानसभेच्या यादीत असलेले नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल, गळले असेल किंवा उतरवताना लेखनाची चूक झाली असेल, तर तेवढेच दुरुस्त होते. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला ऑगस्टमध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली. त्याला हे समजावून सांगताना तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू नियम मीच केला आहे.

शब्दांचाही एक गोंधळ आहे. मुंबईत ‘वॉर्ड’ म्हटले की कोणाला इंग्रजी अक्षराने ओळखले जाणारे विभाग कार्यालय आठवते, तर कोणाला नगरसेवकाचा मतदारसंघ. कागदावर दुसऱ्यासाठी ‘प्रभाग’ हा शब्द आहे. अर्जात सर्वत्र प्रभागच लिहावे, वॉर्ड लिहू नये. मी पहिल्या मसुद्यात वॉर्ड लिहिले होते आणि ते पान पुन्हा करावे लागले.

प्रारूप यादी २० नोव्हेंबरला, गुरुवारी प्रसिद्ध झाली. हरकतींची मुदत तेव्हा २७ नोव्हेंबरपर्यंत होती. शुक्रवारी अर्धी रजा घेऊन मी विभाग कार्यालयात गेले. जिन्याखालच्या लांब टेबलावर प्रभागवार गठ्ठे मांडले होते आणि भोवती वेगवेगळ्या पक्षांची मुले मोबाइलने भराभर पानांचे फोटो काढत होती. मला माझे आणि घरच्यांचे नाव पंधरा मिनिटांत सापडले. उठणार तेवढ्यात नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमच्या ब विंगमधले चाळीच्या काळापासूनचे रहिवासी, निवृत्त गिरणी कामगार. शेजारच्या आजींचे नाव आहे का ते पाहा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आजींचे नाव नव्हते. त्यांच्या मुलाचे नव्हते, सुनेचेही नव्हते. मग मी बोट ठेवून पाने उलटू लागले, तेव्हा लक्षात आले की चाळीचे नाव असलेला एकही पत्ता आमच्या प्रभागाच्या यादीत नाही.

यादीत प्रत्येक मतदाराच्या चौकटीत विधानसभा मतदारसंघ, यादी भाग (मतदारसंघाची यादी ज्या क्रमांकित तुकड्यांत असते त्यातला एक) आणि अनुक्रमांक छापलेले असतात. नाव शोधण्यापेक्षा हे आकडे शोधणे सोपे जाते. आमच्या यादी भागाचे अनुक्रमांक एका ठिकाणी तुटले होते, मध्येच शंभरावर उडी होती. ती उडी कोठे उतरली हे पाहण्यासाठी मी शेजारच्या प्रभागाचा गठ्ठा मागितला. तेथे ती सगळी नावे ओळीने बसलेली होती, आजींसकट.

असे का झाले, हे टेबलावरच्या कर्मचाऱ्याने मला शांतपणे समजावले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ब विंगमधल्या बहुतेकांची ओळखपत्रे जुनी आहेत आणि त्यांवर आजही चाळीचाच पत्ता आहे. नाल्यापलीकडे जवळपास त्याच नावाची दुसरी चाळ अजून उभी आहे. यादीची विभागणी करताना जो कंट्रोल चार्ट तयार केला जातो, त्यात कोणत्या भागाचे कोणते अनुक्रमांक कोणत्या प्रभागात जातील हे ठरते, आणि तेथे आमची पाडलेली चाळ पलीकडची उभी चाळ म्हणून गणली गेली. बारा वर्षांपूर्वी जी वास्तू जमीनदोस्त झाली, तिच्या पत्त्यावर ११८ माणसे कागदोपत्री राहत होती. तिला शोधत कोणी आले असते तर नाल्यापलीकडेच पोहोचले असते.

यावर काही जण म्हणाले की फरक काय पडतो, मत तर देता येणारच आहे. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. मतदारांची एकूण संख्या १ कोटी ३ लाख आणि प्रभाग २२७, म्हणजे प्रभागामागे सरासरी पंचेचाळीस हजार मतदार. त्यांत ११८ म्हणजे काहीच नाही, असे मलाही क्षणभर वाटले. पण २०१७ मध्ये प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली होती आणि निकाल चिठ्ठी काढून लागला होता. आणि त्याहून साधी गोष्ट म्हणजे, ब विंगच्या लोकांनी ज्याला निवडायचे त्याच्या हद्दीत त्यांचा नाला, त्यांचा रस्ता आणि त्यांचे घर यांपैकी काहीच येणार नव्हते.

हरकत कोणी घ्यायची, हा पुढचा प्रश्न होता. एका टेबलावर सांगण्यात आले की प्रत्येक मतदाराने स्वतंत्र अर्ज द्यावा, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी. दुसऱ्या टेबलावर सांगण्यात आले की सोसायटीच्या लेटरहेडवर सर्वांची यादी दिली तरी चालेल. मी वाद घातला नाही. दोन्ही करायचे ठरवले, आणि तुमच्यावरही अशी वेळ आली तर हेच करा असे सांगेन, कारण मुदतीच्या आत उरलेल्या दिवसांत ‘नेमका नियम कोणता’ याचा शोध घेत बसणे परवडत नाही.

रविवारी, २३ नोव्हेंबरला, पार्किंगमध्ये सभा घेतली. अ विंगमधून चौघे आले. ब विंगमधून बरेच आले, पण त्यांच्यापैकी काहींना वाटत होते की हे नाव कापण्याचेच काही प्रकरण असावे आणि अर्जावर सही केली तर घराच्या कागदपत्रांत काही बदलेल. या भीतीला हसू नये. पुनर्विकासाच्या काळात या लोकांनी इतक्या कागदांवर सह्या केल्या आहेत आणि त्यातल्या काहींचे परिणाम इतकी वर्षे भोगले आहेत, की कोरा दिसणारा कोणताही अर्ज त्यांना साधा वाटत नाही. मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला, मग नानांनी तो पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगितला. माझ्या वाचण्यापेक्षा त्यांच्या सांगण्याचा उपयोग झाला.

रविवारपासून मंगळवारपर्यंत तीन संध्याकाळी मी आणि ब विंगमधली एक कॉलेजकन्या दारोदार फिरलो. संध्याकाळी सात ते साडेनऊ हीच वेळ मिळते. त्याआधी माणसे कामावरून आलेली नसतात आणि नंतर जेवायला बसतात. चहा सात घरी नाकारला आणि चार घरी घ्यावाच लागला. ११८ पैकी ७१ जणांचे अर्ज भरून झाले. बाकीच्यांतले काही गावी होते, काहींची लग्न होऊन दुसरीकडे घरे झाली होती, चार जण हयात नव्हते. एका घरी दिवंगत वडिलांचे नाव यादीत पाहून मुलगा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. ते नाव या प्रक्रियेत निघणार नाही, त्यासाठी विधानसभेच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे नमुना ७ द्यावा लागतो, हे मी त्याला त्या वेळी सांगितले नाही; नंतर सांगितले.

एका वहिनींच्या नावापुढे दोन तारे छापलेले होते आणि त्या घाबरल्या होत्या. संभाव्य दुबार नावांपुढे या वेळी अशी खूण केली होती. मुंबईच्या प्रारूप यादीत अशा नोंदी ११ लाखांहून अधिक होत्या. वहिनींचे नाव परळला माहेरीही राहिले होते आणि लग्नानंतर येथेही लागले होते. तारे म्हणजे नाव रद्द झाले असे नाही. दोनपैकी कोठे मतदान करणार ते लिहून द्यायचे असते, आणि तसे दिले नसेल तर मतदान केंद्रावर हमीपत्र भरून द्यावे लागते. त्यांनी येथे मत देणार असे लिहून दिले. तुमच्या घरातल्या लग्न होऊन आलेल्या किंवा गेलेल्या स्त्रियांची नावे आवर्जून तपासा, कारण हा प्रकार सर्वात जास्त त्यांच्याच बाबतीत दिसला.

आता कागदांविषयी. सोसायटीच्या पत्राला मी प्रभागाच्या हद्दीचे वर्णन असलेल्या पानाची प्रत जोडली आणि त्यात नाल्याची ओळ रंगवली. सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराचे देयक आणि मिळकत पत्रिकेचा उतारा जोडला. पण या सर्वांवर इमारतीचे नवे नाव होते, आणि यादीत चाळीचे. ही इमारत म्हणजेच ती चाळ, हे दाखवणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. विकासकाबरोबरच्या करारनाम्यात चाळीचा उल्लेख आहे असे कळले, पण ती प्रत ज्यांच्याकडे होती ते गावी गेले होते.

तेव्हा नाना मला मीटर रूममध्ये घेऊन गेले. मीटरच्या मागे, जुन्या सायकलींच्या आणि गणपतीच्या मखराच्या चौकटीआड, एक पत्र्याची पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे, दोन कोपरे गंजून गेलेले, एका बाजूला खिळ्याचे भोक मोठे होऊन फाटलेले. चाळीचे पूर्ण नाव, खाली स्थापनेचे साल आणि त्याखाली लहान अक्षरांत सीटीएस क्रमांक, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक. चाळ पाडली तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून ही पाटी नानांनी परत उतरवून घेतली होती. कशासाठी, असे मी विचारले तर म्हणाले, “अगं, नाव होतं आमचं. भंगारात कसं घालायचं?” पाटीवरचा सीटीएस क्रमांक आणि मिळकत पत्रिकेवरचा क्रमांक एकच होता. मी पाटीचा आणि पत्रिकेचा एकत्र फोटो काढला, दोन्हींवरच्या क्रमांकांना लाल गोल केले आणि तो रंगीत छापून पत्राला जोडला.

२६ नोव्हेंबरला, बुधवारी, पुन्हा अर्धी रजा घेऊन सर्व अर्ज दिले. त्या दिवशी संविधान दिन असल्याने कार्यालयात उद्देशिकेचे वाचन चालू होते आणि आवक-जावक टेबल अर्धा तास रिकामे होते. नंतर मात्र काम पटकन झाले. येथे एक आग्रहाची सूचना. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. नुसत्या गोल शिक्क्यावर समाधान मानू नये. आवक क्रमांक आणि तारीख हाताने लिहून मागावी. मला ७१ अर्जांसाठी एकच शिक्का मिळत होता. मी अर्जांना १ ते ७१ असे क्रमांक घातले होते आणि वर एक तक्ता लावला होता, म्हणून ‘अर्ज १ ते ७१ मिळाले’ असे लिहून घेता आले.

त्याच सुमारास बातमी आली की हरकतींची मुदत ३ डिसेंबरपर्यंत वाढली आहे. मला हायसे वाटले. आपले काम मुदतीआधी झाले म्हणून मी तो आठवडा घरच्या तुंबलेल्या कामांत घालवला. हीच ती चूक, पण तेव्हा कळले नाही.

२८ नोव्हेंबरला महापालिकेचा एक कर्मचारी स्थळपाहणीसाठी आला, तेव्हा सोसायटीचे कार्यालय बंद होते आणि वॉचमनने ‘सगळे कामावर’ एवढेच सांगितले. तो निघून गेला. हे संध्याकाळी कळल्यावर माझा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवसापासून नाना आणि आजी यांनी गेटजवळच्या बाकावर पाळी लावली. अर्जावर दिवसा उपलब्ध असणाऱ्या व्यक्तीचाच मोबाइल क्रमांक द्यावा. मी माझा दिला होता आणि ऑफिसात फोन बंद असतो. २ डिसेंबरला तो कर्मचारी पुन्हा आला. नानांनी त्याला नाल्यापर्यंत नेले, पलीकडची चाळ दाखवली, मग मीटर रूममधली पाटी बाहेर आणून बाकावर ठेवली. त्याने पाटीचा आपल्या मोबाइलवर फोटो घेतला, पाहणीच्या कागदावर नानांची सही घेतली आणि पाणी पिऊन गेला. जाताना म्हणाला की त्याच्याकडे त्या दिवशी अजून चौदा ठिकाणे आहेत.

त्यानंतरचे दिवस नुसते वाट पाहण्याचे. दोनदा फोन केला, दोनदा ‘वर पाठवले आहे’ असे उत्तर मिळाले. वर म्हणजे कोठे, हे विचारण्यात अर्थ नव्हता. १५ डिसेंबरला निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला, त्यामुळे कार्यालयातली गर्दी आणि आमची धाकधूक दोन्ही वाढली. अंतिम यादी पाहायला मिळाली तेव्हा मी पुन्हा त्याच जिन्याखालच्या टेबलावर होते. आमच्या प्रभागाच्या यादीत चाळीचे नाव होते. एकेक अनुक्रमांक माझ्या तक्त्याशी ताडून पाहिला. ११८ पैकी ११६ नावे परत आली होती. उरलेल्या दोन नावांच्या ओळखपत्र क्रमांकात मी एकेक आकडा चुकीचा लिहिला होता. स्वतंत्र अर्जांमुळे काम झाले की सोसायटीच्या पत्रामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण ज्या ४७ जणांचे अर्ज भरता आले नव्हते त्यांचीही नावे आली होती.

मी आनंदाने नानांना फोन केला आणि त्यांचा अनुक्रमांक वाचून दाखवायला पाने उलटू लागले. नानांचे नाव सापडेना.

ते माझ्या ११८ च्या तक्त्यातही नव्हते. मी तक्ता केला होता तो चाळीचे नाव शोधून. नाना आणि ब विंगमधल्या आणखी आठ जणांनी काही वर्षांपूर्वी खटपट करून ओळखपत्रावर इमारतीचे नवे नाव घालून घेतले होते. त्यांचा पत्ता अद्ययावत आहे, म्हणजे ते अ विंगबरोबर आपोआप बरोबर प्रभागात असणार, असे मी धरून चालले. प्रत्यक्षात अशा नोंदी यादी भागाच्या शेवटी, पुरवणीत येतात, आणि त्या भागाची शेपटी तशीच पलीकडच्या प्रभागात राहिली होती. ज्यांनी वेळेवर कागद नीट केले त्यांचीच नावे राहिली. शिवाय ३ डिसेंबरपर्यंत एक पूर्ण आठवडा हातात होता आणि मी तो वापरला नाही. प्रत्येक नाव तपासा, ‘हे बरोबर असणारच’ असे वाटणारे नाव सर्वात आधी तपासा, एवढेच मी यावरून सांगू शकते. अंतिम यादीनंतर काही करता येते का, हे विचारायला मी पुन्हा गेले. मुदत संपली होती आणि उत्तर अपेक्षित तेच मिळाले.

नानांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते रागावले नाहीत. “मत जातंय कुठं? पूल ओलांडायचा,” म्हणाले. मला मात्र त्यांनी दोन शब्द बोलायला हवे होते असे वाटत राहिले.

खर्चाचा हिशेब असा. यादीच्या पानांच्या झेरॉक्सला १२८ रुपये, कोरे अर्ज काढायला ३२० रुपये, ओळखपत्रांच्या प्रतींना २८४ रुपये. हे ७३२ रुपये सोसायटीने किरकोळ खर्चातून दिले आणि पुढच्या सभेत एका सभासदाने व्हाउचर मागितले, ते होते. रिक्षाच्या सहा फेऱ्या, जाताना २६ आणि येताना २६ रुपये असे तेव्हाचे किमान भाडे, म्हणजे ३१२ रुपये, ते माझे. रंगीत छपाई कॉलेजकन्येने तिच्या कॉलेजजवळ फुकटात करून आणली. पहिल्या दोन फेऱ्यांना अर्ध्या दिवसाच्या दोन रजा गेल्या, बाकीच्या ऑफिसला जाता-येता केल्या. कोणालाही एक रुपयाही वरून द्यावा लागला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

१५ जानेवारी २०२६ रोजी, गुरुवारी, मतदान झाले. सकाळी साडेसातला केंद्र उघडण्याआधीच ब विंगमधल्या आजी व्हीलचेअरवर रांगेत होत्या. त्यांचे केंद्र आता आमच्याच गल्लीतल्या शाळेत होते. नाव परत आले नसते तर त्यांना नाल्यावरचा पूल ओलांडून जावे लागले असते आणि त्या पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. या वेळी बोटाला शाई मार्कर पेनने लावत होते. ती पुसली जाते की नाही यावर दिवसभर सगळीकडे चर्चा चालू होती. आजींनी मात्र ती ओल्या पदराने पुसून पाहिली, गेली नाही आणि त्या खूश झाल्या.

नाना दहा वाजता निघाले. मी त्यांच्याबरोबर पुलापर्यंत गेले. पलीकडच्या प्रभागात कोण उभे आहे हे त्यांना माहीत नव्हते, कारण आमच्या गल्लीत सगळी पत्रके आमच्या प्रभागाची येत होती. मी आदल्या रात्री तेथील उमेदवारांची नावे आणि चिन्हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणली होती. त्यांनी चष्मा लावून ती पुलाच्या कठड्याला टेकून वाचली, कागद घडी घालून परत दिला, कारण तो आत नेता येत नाही हे त्यांना माहीत होते, आणि ते पायऱ्या चढू लागले.

दुसऱ्या दिवशी निकाल लागले. सोसायटीच्या सूचना फलकावर नवीन नगरसेवकाचे नाव आणि कार्यालयाचा क्रमांक लावण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. पावणेचार वर्षे ती चौकट रिकामी होती. या वेळी मी तेथे दोन क्रमांक लावले आहेत. वरचा सर्वांसाठी. खालचा, नाल्यापलीकडच्या प्रभागाचा, नाना आणि त्या दहा जणांसाठी. पाटी आता मीटर रूममधून कार्यालयात आणून कपाटावर ठेवली आहे, आणि कपाटातल्या फाइलमध्ये सर्वात वर, पुढच्या सचिवासाठी, त्या अकरा नावांचा तक्ता यादी भाग आणि अनुक्रमांकासह लावला आहे.